असा परिवार आहे

"मुलींची नावे घालायची, की नुसती संख्या पुरे?" असे त्या गृहस्थांनी विचारले, तेव्हा त्यांचे बोट कॅल्क्युलेटरवर होते. अण्णांना जाऊन तिसरा दिवस होता. शालिमारजवळच्या एका जाहिरात एजन्सीच्या अरुंद कचेरीत मी आणि माझा धाकटा भाऊ प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांवर बसलो होतो, बाहेर श्रावणातली सर येऊन गेली होती आणि ओल्या छत्र्यांचे पाणी उंबऱ्यापर्यंत आले होते. मजकूर जवळजवळ तयारच होता. आम्ही फक्त रिकाम्या जागा भरायच्या होत्या. 'अल्पशा आजाराने' की 'वृद्धापकाळाने' हे विचारून झाले होते. अण्णा अकरा महिने अंथरुणावर होते, तरी भावाने 'अल्पशा आजाराने' यावर बोट ठेवले आणि मीही काही बोलले नाही. नावे घातली तर जाहिरातीची उंची वाढते, आणि दर चौरस सेंटीमीटरवर असतो, हे त्या गृहस्थांनी अगदी मऊ आवाजात समजावून सांगितले. भावाने माझ्याकडे पाहिले. "संख्या चालेल," असे मीच म्हणाले, आणि पैसेही माझ्याच पर्समधून काढून दिले. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या तरुणपणीच्या छायाचित्राखाली छापून आले : त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, दोन मुली, सून, जावई, नातवंडे असा परिवार आहे. त्याखाली 'शोकाकुल' या शब्दापुढे भावाचे नाव होते आणि त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाचे नाव होते.

त्या दोन मुलींपैकी एक मी.

राग आला म्हणावे तर तसे नव्हते. ज्याला मीच होकार दिला होता, त्याचा राग कोणावर काढणार? पण दहाव्याला रामकुंडावर बसले असताना ते वाक्य डोक्यात फिरत राहिले. पिंडाला कावळा शिवेपर्यंत करण्यासारखे काही नसते, आणि तेवढ्या वेळात गुरुजींनी लाल कापडात गुंडाळलेली आमच्या घराण्याची नामावळी उघडली. आमचे मूळ गाव चांदवडकडचे. पणजोबा नाशिकला येऊन राहिले त्याच्याही आधीपासून घरातले कोणी ना कोणी तीर्थयात्रेला येत आणि आपल्या उपाध्यायांच्या वहीत नावे लिहून जात. जुनी पाने मोडीत आहेत, पुढची देवनागरीत. पणजोबांची सही मी पहिल्यांदा तिथे पाहिली. शाई तपकिरी झाली होती आणि अक्षर अण्णांच्या अक्षरासारखेच उजवीकडे कललेले होते. पणजोबा, त्यांचे बंधू, त्यांचे पुत्र, पुत्रांचे पुत्र, कुठे कुठे एखाद्या पत्नीचे नाव. आमच्या पानावर एकाही मुलीचे नाव नव्हते. "मुली सासरच्या पानावर जातात," असे गुरुजी म्हणाले, आणि त्यात वावगे काही नव्हते. मात्र सासरच्या पानावर मुलगी सून म्हणून जाते, आणि पुष्कळदा लग्नात तांदळात लिहिलेल्या नव्या नावाने जाते. तिचे जुने नाव कोणत्या वहीत असते, हे मला विचारावेसे वाटले. तेवढ्यात कावळा शिवला आणि सगळे उठले.

निघताना गुरुजींनी भावाला आजोबांची तिथी विचारली. ती अण्णांना पाठ होती. प्रत्येक पितृपक्षात ते न विचारता पाने मांडत, त्यामुळे आम्हां भावंडांपैकी कोणी ती लक्षात ठेवण्याचा प्रश्नच आला नव्हता. आईला एवढेच आठवत होते की आजोबा महापुराच्या साली गेले, आणि पितृपक्ष लागता लागता गेले. नाशिकमध्ये अजूनही माणसे वर्षे अशीच मोजतात. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले ते साल, छातीला लागले ते साल, आणि ज्या साली तो दिसेनासाच झाला ते साल. आईच्या पिढीचा महापूर म्हणजे 1969 चा, माझ्या मुलांचा 2008 चा. साल हाताशी होते, तिथी हवी होती आणि त्या काळी निधनाची बातमी वर्तमानपत्रात दिली जात असे, म्हणून जुने अंक पाहावेत असे ठरले. 1840 साली सार्वजनिक वाचनालय स्थापन झालेल्या गावात वाढलेल्या बाईला जुना कागद कुठेतरी असणारच असा भाबडा विश्वास असतो, आणि दोन-तीन ठिकाणी विचारपूस केल्यावर तो खराही ठरला.

पहिले तीन शनिवार मी वाया घालवले. पितृपक्ष म्हणजे सप्टेंबरचा मध्य, असा साधा हिशेब करून मी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या पंधरा-वीस तारखेपर्यंतचे अंक ओळ न ओळ वाचले. मग एका अंकाच्या शिरोभागी तारखेच्या शेजारी छापलेल्या 'शके 1891' कडे आणि तिथीकडे लक्ष गेले आणि चूक उमगली. त्या वर्षी आषाढ अधिक होता. सगळे सण पुढे सरकले होते आणि पितृपक्ष सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लागला होता. घरातल्या आठवणी तिथीने चालतात आणि वर्तमानपत्र तारखेने चालते. त्या दोहोंच्या मध्ये पंचांग ठेवल्याशिवाय या शोधात पाऊल पुढे पडत नाही, हे मला तीन शनिवार शिंकल्यावर कळले.

शिंका हा या कामाचा अविभाज्य भाग आहे. बांधीव फायलींची धूळ साधी नसते. तिला ओलसर सुपलीसारखा एक वास असतो आणि तो संध्याकाळी घरी आल्यावरही केसांत राहतो. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, तो काळ जाईल तसा आंबट होत जातो, पिवळा पडतो आणि कडेने खारी बिस्किटासारखा झडतो. पान उलटले की मांडीवर चुरा पडतो, आणि त्या चुऱ्यात कोणाच्या तरी गावाचे नाव गेले असेल असे वाटून तो झटकताना हात थबकतो. बांधणाऱ्याने शिलाई इतकी घट्ट मारलेली असते की आतल्या बाजूच्या रकान्याची पहिली दोन अक्षरे शिवणीत गेलेली असतात, त्यामुळे 'दुःखद निधन' हे कित्येकदा 'खद निधन' एवढेच उरते. मी एक जाड सुती पंचा आणि भिंग घेऊन जाऊ लागले. तिथले कर्मचारी मला आधी संशोधक समजले, नंतर जमिनीच्या भानगडीतली बाई समजले, आणि शेवटी काहीच समजेनासे होऊन चहा विचारू लागले.

एकच बातमी शोधायची असली तरी डोळे तेवढीच बातमी वाचत नाहीत. लासलगावच्या कांद्याच्या भावाखाली शाळा सोडल्याचा दाखला बसमध्ये गहाळ झाल्याचे निवेदन असते, त्याखाली चित्रपटाचे खेळ, आणि त्याखाली चार ओळींत एखादे घर मोडताना दिसते. 'माझ्या मुलाशी माझा काही संबंध राहिलेला नाही, त्याच्याशी कोणी देण्याघेण्याचा व्यवहार केल्यास मी जबाबदार नाही.' दोन महिन्यांनंतरच्या अंकात त्याच आशयाचे एक उलटे निवेदन दिसले : 'जेथे असशील तेथून निघून ये, आई अंथरुणाला खिळली आहे, कोणी काही बोलणार नाही.' ती दोन्ही घरे वेगळी होती, तरी मी ती मनात जोडून टाकली, आणि तो मुलगा घरी आला असेल का याचा विचार करत कितीतरी वेळ पान न उलटता बसले. हरवलेल्या माणसाचे वर्णन करताना अंगातल्या शर्टाचा रंग आवर्जून दिलेला असतो. निधनाच्या बातमीत मात्र सगळेच मनमिळाऊ, सगळेच अल्पशा आजाराने गेलेले. माणूस हरवला तर तो ओळखू यावा लागतो. गेला की ती गरज उरत नसावी.

आजोबांची बातमी चौथ्या शनिवारी सापडली. सात ओळी होत्या. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधील सेवानिवृत्त कर्मचारी, राहणार दहीपुलाजवळ, वय, दशक्रिया विधी रामकुंडावर. तारीख मिळाली, तारखेवरून तिथी मिळाली, आणि काम संपले असे म्हणून मी वही मिटणार होते. मग शेवटची ओळ वाचली. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सून, एक मुलगी असा परिवार आहे.'

आजोबांना मुली दोन होत्या.

पुण्याची धाकटी आत्या आमच्या लहानपणाचा भागच होती. दर मे महिन्यात ती येई आणि पत्त्यांत उघडउघड लबाडी करी. थोरली म्हणजे वेणूआत्या, तिला आम्ही कधी पाहिले नाही. घरात तिचा उल्लेख 'सिन्नरची' असा व्हायचा, तोही क्वचित, आणि मोठ्यांच्या बोलण्यात आम्ही मुले मध्येच येऊन बसलो की तो विषय भाजीच्या भावाकडे वळायचा. पुण्याला जाताना एस.टी. सिन्नरच्या स्थानकावर थांबली की अण्णा खाली उतरत. चहा घेत नसत, लघवीला जात नसत. गाडीच्या दाराशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहत आणि कंडक्टरने घंटी मारली की चढत. पायांना आराम म्हणून उतरतात, असे आई सांगे.

धाकटी आत्या 1969 मध्ये अविवाहित होती. बातमीत सून आहे, म्हणजे काकांचे लग्न झालेले होते. पण जावई नाही. याचा अर्थ जी मुलगी मोजली गेली ती धाकटी, आणि जी मोजली गेली नाही ती वेणू. मी हा निष्कर्ष वहीत लिहिला आणि लगेच त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढले. त्या काळी कंपोझिटर शिशाचे खिळे हाताने उचलून ओळ जुळवत. जागा पुरली नाही की शब्द गळत, आणि 'दोन'चे 'एक' होणे ही रोजची गोष्ट होती. शिवाय दिलेली मुलगी परक्या घरची, ती 'परिवारा'त कशाला मोजायची, असे प्रामाणिकपणे मानणारी माणसेही तेव्हा होती, आजही आहेत. चूक, रीत की राग, यांपैकी कोणते खरे ते सात ओळींवरून ठरवता येत नाही. मी आईला विचारले. आई या घरात आली ती 1974 मध्ये, त्यामुळे तिला ऐकीवच ठाऊक होते. पूर ओसरल्यावर गल्लीत गुडघाभर चिखल होता आणि बातमीची चिठ्ठी घेऊन सायकल हातात धरून चालत कचेरीत गेले ते अण्णा, एवढे तिने सांगितले. अण्णा तेव्हा वीस वर्षांचे होते. चिठ्ठी लिहिली कोणी, हे तिला माहीत नव्हते.

तिथी मिळाल्यावर मी थांबायला हवे होते. भावाचेही तेच म्हणणे होते. पण दहीपुलाजवळचा वाडा आणीबाणीत विकला गेला आणि मग गंगापूर रोडला घर बांधले, हे आम्हांला ठाऊक होते, आणि वाडा विकला म्हणजे जाहीर नोटीस आलीच. मी 1975 पासूनच्या फायली मागितल्या. जाहीर नोटिशीचे मराठी मला पूर्वी हास्यास्पद वाटे. आता त्या भाषेबद्दल माझ्या मनात थोडा आदर आहे. निधनाच्या बातमीत दुःख असते, म्हणून तिथे कोणी काही तपासत नाही. नोटीस वकिलाने लिहिलेली असते, आणि तिच्यातला एक वारस सुटला तर व्यवहार बुडतो. म्हणून 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' इथून सुरुवात करून ती मिळकतीच्या चारी दिशा सांगते, पूर्वेस कोणाचे घर, पश्चिमेस कोणता रस्ता, दक्षिणेस कोणाची भिंत. मग विक्री, गहाण, दान, वारसा, पोटगी, अन्नवस्त्र, वहिवाट असा हक्कांचा एकेक पदर उलगडते, आणि माणसांची नावे पुरती, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह देते. वाडा आजोबांच्या स्वकष्टार्जित पैशांतला होता, मृत्युपत्र नव्हते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने अशा मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच. तेव्हा सात वर्षांपूर्वी ज्या घराने एकच मुलगी मोजली होती, त्या घराला आता दोन्ही मुली मोजाव्याच लागल्या.

1976 च्या एका अंकात ती नोटीस होती. आजी, काका, अण्णा, धाकटी आत्या सासरच्या नावाने, आणि शेवटी 'गं. भा. सुमती', पुढे पतीचे नाव आणि आडनाव, मग कंसात 'माहेरचे नाव वेणू', राहणार सिन्नर. दोघी बहिणींनी आपला हक्क नोंदणीकृत हक्कसोडपत्राने भावांच्या लाभात सोडून दिलेला आहे, असे पुढच्या वाक्यात होते.

मी तो कागद तीनदा वाचला. पहिल्यांदा आनंद झाला, तो अगदी शोधणाऱ्याचा आनंद होता, कोडे सुटल्याचा. माहेरचे आणि सासरचे अशी तिची दोन्ही नावे एका ओळीत देणारा हा पहिला कागद होता. ज्या गोष्टीसाठी नामावळीत जागा नव्हती आणि निधनाच्या बातमीत आकडाही नव्हता, ती गोष्ट एका वकिलाने आपल्या अशिलाचे पैसे बुडू नयेत म्हणून छापून ठेवली होती. मग दुसऱ्या वाचनात 'गं. भा.' ही अक्षरे दिसली. आपल्याकडे बाईच्या नावामागचे अक्षर तिची सगळी कुंडली सांगते, सौ. असते तर नवरा हयात होता, गं. भा. म्हणजे नव्हता. घरात तिचे नाव टाळले जात होते हे ठाऊक होते, पण ती सही करायला आली तेव्हा विधवा होती हे कोणी सांगितले नव्हते. आईला विचारले तेव्हा ती बराच वेळ निवडलेली मेथी पुन्हा निवडत राहिली आणि म्हणाली, "विड्या वळायची म्हणे. सहीला आली तेव्हा हिरवी साडी घेतली होती हिच्यासाठी दुकानातून, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आले. बदलून आणली." त्यापुढे ती काही बोलली नाही. सिन्नरमध्ये तेव्हा घरोघरी विड्या वळल्या जात, त्यामुळे ते ऐकण्यात नवल काहीच नव्हते.

तिच्यावर अन्याय झाला, असे लिहून टाकणे मला सोपे आहे, आणि मला ते पुरते लिहवत नाही. बहिणी हक्क सोडतात तो पुष्कळदा माहेर उघडे राहावे म्हणून. दिवाळीला कोणीतरी न्यायला यावे, आजारपणात कोणीतरी डब्याचे विचारावे, याची ती किंमत असते आणि देणारीला ती ठाऊक असते. वेणूआत्याने ती राजीखुशीने दिली असेल. तिला पैसेही दिले असतील. नोटिशीत ते लिहीत नाहीत. मात्र किंमत दिल्यावर माहेर उघडे राहिले का, तर नाही, एवढे मी माझ्या लहानपणावरून सांगू शकते, कारण मी त्याच माहेरात वाढले. मी ज्या खोलीत अभ्यास केला ती गंगापूर रोडवरची खोली वाड्याच्या पैशांतून बांधलेली होती. खिडकीशी पेरू होता. तिथे बसून मी पुष्कळ सुखी होते.

भावाला नोटिशीचे छायाचित्र पाठवले तेव्हा त्याचा फोन आला. "ताई, तुला नक्की काय हवे आहे?" त्याचा आवाज चढलेला नव्हता, सावध होता. मुलीने जुन्या मिळकतीचे कागद काढले की घरात जो आवाज येतो तो मी ओळखते. बँकेतल्या नोकरीत मी तो काउंटरच्या या बाजूने अनेकदा ऐकला आहे. मला काही नको, असे मी म्हटले, आणि म्हणताना जाणवले की वेणूआत्याही नेमके हेच म्हणाली असेल.

या श्रावणात अण्णांचे वर्षश्राद्ध झाले. पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायला या वेळी मी एकटीच गेले. भावाने मजकूर माझ्यावर सोपवला होता. तीच कचेरी, तेच गृहस्थ, तोच मऊ आवाज. मी आईचे नाव, भावाचे, वहिनीचे, बहिणीचे, माझे, असे सगळे ओळीने लिहून नेले होते आणि त्याखाली वेगळ्या ओळीवर 'बहीण' असे लिहून वेणू आणि सुमती ही दोन्ही नावे घातली होती. त्यांनी वाचले, पेन्सिल त्या ओळीपाशी थांबली.

"नावामागे काय घालू? श्रीमती, की कै.?"

"नुसते नाव राहू द्या."

"नुसते बरे दिसत नाही, ताई. हयात आहेत ना?"

त्या असत्या तर आज नव्वदीच्या आसपास असत्या. सिन्नरला मी दोनदा जाऊन आले होते. नोटिशीतल्या आडनावाची तिथे पुष्कळ घरे आहेत, आणि आडनाव सांगून म्हाताऱ्या बाईची चौकशी करणाऱ्या अनोळखी स्त्रीकडे लोक ज्या नजरेने पाहतात, ती नजर मला माझ्याच भावाकडून परिचयाची होती. गुरुजींनाही मी विचारून ठेवले होते. पितृपक्षात तर्पण करताना वडिलांच्या बहिणीचे नाव घेतले जाते, तिला तिथे जागा आहे. फक्त ती गेली आहे हे पक्के ठाऊक हवे. हयात माणसाच्या नावे तिळाचे पाणी सोडत नाहीत. "तेवढे एकदा विचारून घ्या," असे ते म्हणाले होते, जणू शेजारच्या घरात विचारायचे आहे.

जाहिरात वाढली होती. त्यांनी उंची मोजली, बेरीज केली, आणि मी पैसे देताना खाली संपर्कासाठी माझा भ्रमणध्वनी क्रमांकही घालायला सांगितला. पुण्यस्मरणात सहसा क्रमांक घालत नाहीत, असे ते म्हणाले. घाला, असे मी म्हटले. नावामागे काहीही न लावता ती ओळ तशीच छापून आली. त्या दिवशी भावाने सकाळी फोन करून फोटो चांगला आल्याचे सांगितले आणि ओळीबद्दल काही विचारले नाही. दुपारपर्यंत दोन फोन आले, दोन्ही अण्णांच्या जुन्या सहकाऱ्यांचे.

पितृपक्ष लागायला आता बारा दिवस आहेत. गुरुजींना मी अजून काही कळवलेले नाही.